मदत हवी आहे: बाबा जामीनदार होते, घरी बेलीफ जप्तीचं वॉरंट घेऊन आला

चाळकरीण_लालबाग

नमस्कार. मी लालबागला चाळीत आईबाबा आणि भावासोबत राहते. खोली पागडीची, भाडेपावती बाबांच्या नावावर. कंपनीत असताना बाबांनी एका सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. त्याने हप्ते थांबवले, पुढे कंपनीही बंद पडली आणि बँकेच्या कागदांवर बाबांचा पत्ता कंपनीचाच राहिला. दावा कधी लागला, समन्स कुठे गेलं, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. या आठवड्यात कोर्टाचा बेलीफ आणि बँकेचा माणूस दारात उभे राहिले, तेव्हा कळलं की सिटी सिव्हिल कोर्टाचा एकतर्फी हुकूमनामा (बाबांची बाजू न ऐकताच दिलेला निकाल) झालाय आणि जंगम मालमत्तेच्या जप्तीचं वॉरंट निघालंय.

बाबा दवाखान्यात गेले होते, आई एकटी होती. बेलीफ नीट बोलला, पुन्हा येतो म्हणाला. बँकेचा माणूस मात्र गॅलरीत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "टीव्ही, फ्रिज, मशीन सगळं उचलणार, मग खोली!"

आई ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-बिडिंग करते. घराचा अर्धा खर्च तिच्या मशीनवर चालतो. लॅपटॉप भावाचा, त्याच्याच पगारातून घेतलेला. बाबांच्या ग्रॅच्युइटीची एफडी आहे आणि महिन्याची पेन्शन येते. काका म्हणतात, सगळं सामान रातोरात डोंबिवलीला आत्याकडे हलवा. बाबांना झोप नाही. आपल्याला अटक होईल, आईचं मंगळसूत्रही जाईल, हेच त्यांच्या डोक्यात. नक्की काय जाऊ शकतं आणि आम्ही आधी काय करावं?

निवृत्त_नाझर

ताई, सामान अजिबात हलवू नका. जप्ती चुकवायला वस्तू लपवणं किंवा दुसरीकडे नेणं हा गुन्हा आहे, आणि आज तुमची बाजू खरी आहे ती त्या एका रात्रीत खोटी दिसू लागेल. काकांना हे स्पष्ट सांगा.

मी कोकणात कोर्टाच्या नाझर शाखेत नोकरी केली, बेलिफांची कामं आमच्याकडूनच वाटली जायची. बेलीफ हा कोर्टाचा नोकर. त्याच्या वॉरंटवर कोर्टाचा शिक्का, सही आणि कोणत्या तारखेपर्यंत बजावणी करायची ती तारीख असते. ते वाचायला मागा, फोटो काढा, दरखास्तीचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी केलेल्या अर्जाचा, क्रमांक लिहून घ्या. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी त्याला राहत्या घरात शिरता येत नाही. आला तर अडवू नका, दार लावून घेऊ नका. ऋणको, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झालाय तो, स्वतः राहतो त्या घरात प्रवेश नाकारला तर बाहेरचं दारही तोडता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सोबतच्या बँकेच्या माणसाला मात्र स्वतःहून एका चमच्यालाही हात लावायचा अधिकार नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० छापून दाराजवळ ठेवा. ऋणको, त्याची बायको आणि मुलं यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा आणि अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धर्माच्या रिवाजाने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही नाहीत, म्हणजे मंगळसूत्र सुरक्षित. कारागिराची अवजारंही त्यात येतात. टीव्ही आणि फ्रिज बाबांचे असतील तर ते जाऊ शकतात, खोटी आशा देत नाही. पण जप्ती म्हणजे त्याच क्षणी टेम्पोत भरणं असंही नसतं. वस्तूंची यादी करून सुपूर्तनाम्यावर (वस्तू सांभाळायची लेखी हमी घेऊन) कुणा भरवशाच्या माणसाच्या ताब्यात ठेवता येतात. तशी विनंती करा.

मशीन आईची आणि लॅपटॉप भावाचा, हे बेलिफाला सांगा आणि पंचनाम्यात लिहायला लावा. मालकी ठरवणं त्याचं काम नाही, ते कोर्ट ठरवतं. तरीही वस्तू जप्त झालीच, तर आई आणि भावाने त्याच संहितेच्या ऑर्डर २१ नियम ५८ खाली आपापला हरकतीचा अर्ज द्यायचा, लिलाव व्हायच्या आधी.

अॅडव्होकेट_गिरगाव

वरचं सगळं बरोबर. पण घरात बसून फक्त वस्तू वाचवत राहिलात तर हुकूमनामा तसाच राहील. खरी लढाई फोर्टला, सिटी सिव्हिल कोर्टात आहे. समन्स रीतसर बजावलंच गेलं नसेल तर ऑर्डर ९ नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज करता येतो. मुदत ३० दिवस, आणि अशा वेळी ती हुकूमनामा कळल्यापासून धरतात. म्हणजे तुमचे दिवस सुरू झालेत. सोबत अंमलबजावणीला स्थगिती मागा. आधी दाव्याची फाईल तपासायला अर्ज करा, समन्स कोणत्या पत्त्यावर गेलं आणि बजावणीच्या अहवालात काय लिहिलंय ते बघा. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटून मग दरखास्त झाली असेल, तर साधारणपणे आधी कारणे दाखवा नोटीस यायला हवी होती. तीही आली नसेल तर तो मुद्दा घ्या.

खोलीची भीती काढून टाका. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या राहत्या जागेतला भाडेकरूचा हक्क त्याच कलम ६० ने जप्तीबाहेर ठेवलाय. पागडीच्या खोल्यांना महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा लागतो. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीलाही संरक्षण आहे. ग्रॅच्युइटीचे पैसे एफडीत ठेवले म्हणून ते संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटलंय. ते पैसे ग्रॅच्युइटीचेच आहेत हे दाखवणारं पासबुक आणि कंपनीचं पत्र शोधून ठेवा.

अटकेचं म्हणाल तर ऐपत असूनही मुद्दाम पैसे दडवणाऱ्यासाठी ती तरतूद आहे. निव्वळ गरिबीसाठी तुरुंग नाही, हे १९८० मध्येच ठरलंय. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे "कर्ज माझं नाही" हा बचाव टिकणार नाही. जे भराल ते मात्र त्या सहकाऱ्याकडून वसूल करायचा हक्क बाबांना आहे. तडजोड केलीत तरी पैसे कोर्टात जमा करा. बाहेर दिलेत तर त्याची नोंद कोर्टात करून घ्या, नाहीतर दरखास्तीत ते धरले जात नाहीत.

भायखळा_भाऊ

त्या ओरडणाऱ्या माणसाचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेवा. चारचौघांत अपमान करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८.

चाळकरीण_लालबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना खोलीचं वाचून दाखवलं, त्यांनी ते परत वाचायला लावलं. सामान जागेवरच आहे. एकच प्रश्न: मशीन जुनी आहे, पावती नाही. आणि वकिलाची फी झेपणार नाही.

अॅडव्होकेट_गिरगाव

पावती नसली तरी चालेल. गिऱ्हाइकांच्या मापांची वही, फॉल-बिडिंगचे पैसे आलेले यूपीआयचे व्यवहार, शेजारच्या दोन बायकांची प्रतिज्ञापत्रं, मशीनवर बसलेल्या आईचे जुने फोटो, सगळं जोडा. फीचं म्हणाल तर आई स्त्री म्हणून उत्पन्न न बघता मोफत वकिलाला पात्र आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिच्या हरकतीसाठी अर्ज करा आणि बाबांच्या अर्जाचं काय होऊ शकेल तेही तिथेच विचारा. हेल्पलाईन १५१००. जाताना वॉरंटचा फोटो, भाडेपावती आणि पासबुक घ्या, आणि बाबांना बरोबर न्या, सह्या त्यांच्या लागतील.