शाळेसाठी सायलेंट ऑक्शन: आयोजकांचे अनुभव

अमेरिकेतील अनेक सरकारी शाळांमध्ये संगीत, चित्रकला, ग्रंथालय यांच्या खर्चाचा भार पालक-शिक्षक संघटनेवर येतो, आणि सायलेंट ऑक्शन (मांडलेल्या वस्तूंसमोरच्या कागदावर बोली लिहून होणारा मूक लिलाव) हा निधी उभारण्याचा तेथील रुळलेला मार्ग आहे. ज्यांनी त्याचे आयोजन केले आहे, त्यांनी काय खपले आणि काय पडून राहिले, ते लिहावे.

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याने, मालमत्ता करावर मर्यादा आणली आणि शाळांचा स्थानिक पैसा आटला; म्हणून असे लिलाव लागतात. दुकानांनी दिलेली गिफ्ट कार्डे दर्शनी किमतीच्या वर सहसा जात नाहीत. खरी चुरस लागते ती बाहेर कोठेही विकत न मिळणाऱ्या गोष्टींसाठी: निरोप समारंभातील पहिल्या रांगेच्या खुर्च्या, शाळेच्या दारातील राखीव पार्किंग, मुलांनी रंगवलेले बाक. आमच्या बाकावर अंगठ्याच्या ठशांतून सुरवंट आणि मधमाश्या केल्या होत्या व प्रत्येक ठशाखाली मुलाने वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतःचे नाव घातले होते. त्यासाठी दोन आज्या कागदावर आळीपाळीने आकडे चढवत राहिल्या.

एडिसन, न्यू जर्सी
बोलीच्या कागदावर बाजारभाव, किमान बोली आणि किमान वाढ ठळक असावी. आम्ही किमान बोली बाजारभावाच्या साधारण ४० टक्के ठेवतो आणि नावाऐवजी क्रमांक लिहायला लावतो, म्हणजे ओळखीच्या माणसावर बोली चढवण्याचा संकोच (आपल्या लोकांत तो फार) उरत नाही. टेबले थोड्या थोड्या अंतराने बंद केली, की एकीकडे हरलेला पालक दुसरीकडे वळतो. वेळ संपताच कागद आणि पेन दोन्ही उचलावे, अन्यथा वाद ठरलेला. आठ जणांच्या पुरणपोळीच्या जेवणावर अमराठी पालकांनीच अधिक बोली लावल्या.

डॅलस, टेक्सास
संघटनेला करसवलतीची मान्यता असली, तरी बोलीची सगळी रक्कम देणगी ठरत नाही. बाजारभावापेक्षा जास्त दिलेलाच भाग प्राप्तिकरात वजावटीस धरता येतो. रक्कम ७५ डॉलरपेक्षा अधिक असल्यास संघटनेने हे देणाऱ्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे, म्हणून बाजारभाव कागदावर आधीच छापलेला बरा.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
‘एक दिवसाचा मुख्याध्यापक’ होण्याचा मान लिलावात काढणे मला पटत नाही, कारण तो दरवर्षी सधन घरांतच जातो आणि वर्गातील इतर मुलांना ते बरोबर कळते. आम्ही तो सोडतीत टाकला. मात्र या राज्यात सोडतीसाठी अ‍ॅटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) आधी नोंदणी करावी लागते आणि तिकिटांच्या एकूण विक्रीतील किमान ९० टक्के रक्कम धर्मादाय कामालाच द्यावी लागते; त्यामुळे बक्षिसे देणगीतूनच मिळवावीत.