मदत हवी आहे: सहा सिलिंडरची सेडान आणि लातूरचं साधं पेट्रोल

मंडळी, बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्यायचं चाललंय, नवीनच, सेकंडहँड नाही. टेस्ट ड्राइव्ह झालीय, ३ लिटरचं सरळ ओळीतलं सहा सिलिंडर इंजिन लय स्मूथ, सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंगला कंप म्हणून जाणवत नाही, अन् पाय दाबला की ५०० न्यूटन मीटर टॉर्क पाठीला कळतो. त्यामुळं चार सिलिंडरची घ्या, डिझेल घ्या, हे नका सांगू, ते ठरलंय.

अडलंय पेट्रोलवर. गाडी लातूरला राहणार, जाणं-येणं नांदेड अन् संभाजीनगर, आणि एप्रिल-मेला इकडं पारा ४० च्या वर असतो. गावातल्या पंपांवर विचारून आलो, एक्सपी९५ (इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल; ऑक्टेन जास्त तेवढा इंजिनात नॉक कमी) कुठं आहे कुठं नाही, अन् आहे तिथंही कधी संपलेलं असतं. आता ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या साध्या पेट्रोलचा, ऑक्टेन ९५ आहे असं पेट्रोलियम मंत्रालय सांगतंय, मग साधं टाकलं तरी चालायला पाहिजे. पण हे टर्बो इंजिन, नॉक (सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप पेटून होणारी ठकठक) आला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इग्निशनची ठिणगी उशिरा टाकतो अन् ताकद कमी करतो, म्हणजे इंजिन वाचतं पण आपल्याला पूर्ण मजा मिळत नाही. शोरूमवाल्यांना विचारलं, "काही टेन्शन नाही साहेब" एवढंच उत्तर.

तर बी५८ (एम३४०आयचं हेच सहा सिलिंडर) इंजिनची गाडी मराठवाड्यात किंवा विदर्भात रोज चालवणाऱ्यांनीच सांगा, भर उन्हाळ्यात एसी लावून साधं ई२० टाकल्यावर पिकअप अन् अ‍ॅव्हरेजमध्ये ९५ वाल्या प्रीमियमपेक्षा खरंच फरक पडतो का, अन् पडत असेल तर किती?