नौपाडा, सोसायटी ग्रुप: घराची किंमत किती लिहू?

सीमा ए-४०२: बी विंगमधला फ्लॅट कितीला गेला ते सकाळी विचारलं होतं. सगळ्यांनी वाचलंय, उत्तर शून्य.

पाटील सेक्रेटरी: ताई, विकताय का? रीडेव्हलपमेंटचं बोलणं चालू असताना?

सीमा ए-४०२: विकत नाहीये हो!! माझ्या सायलीचा अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी सीएसएस प्रोफाइल भरतेय, म्हणजे आर्थिक मदत मागायचा फॉर्म. घर कधी घेतलं, कितीला, कर्ज किती बाकी, आजचा भाव काय... सगळं विचारलंय.

नेने काका: शनिवारी टाकी धुणार. १० ते ४ पाणी बंद.

वाघ बी-१०३: दारात नवी एसयूव्ही आणि मदत मागताय? 😄

सीमा ए-४०२: गाडी कंपनीची आहे. आणि हा ग्रुपवर बोलायचा विषय नाही.

मीनल सी-२०१: वाघसाहेब, राहू द्या ना. सीमा, एफएएफएसए भर गं, तिथल्या सरकारी मदतीचा फॉर्म. माझ्या नणंदेने न्यू जर्सीत मुलासाठी तोच भरला, फुकट असतो.

रोहित ए-१०१: मावशी, तो तिथल्या नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. आपल्या मुलांना सरकारी मदत नाही, कॉलेज स्वतःच्या पैशातून देतं. वर्षाचा सगळा खर्च (फी, राहणं-जेवणं, पुस्तकं, प्रवास) वजा घरचे किती देऊ शकतील, उरली ती गरज. पण घरचे किती देतील हे आपण नाही, कॉलेज ठरवतं.

मीनल सी-२०१: दोन मुलं एकदम कॉलेजात असली की सूट मिळायची, ती २०२४-२५ पासून गेली म्हणे.

रोहित ए-१०१: ते सरकारी सूत्रातलं. स्वतःचा हिशोब करणारी काही कॉलेजं अजून धरतात.

जोशी काका: आपल्याकडे बरं. तहसीलदाराचा दाखला, ८ लाखांच्या आत उत्पन्न, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज. विषय संपला.

रोहित ए-१०१: काका, इथे एकच रेघ, आत की बाहेर. तिथे रेघ नाही, पगार, एफडी, शेअर, खाणारी तोंडं, सगळं मोजतात. हार्वर्ड, प्रिन्स्टन राहतं घर धरत नाहीत. बाकी बरीच धरतात.

नेने काका: पुन्हा टाकतो. शनिवारी टाकी. बादल्या भरून ठेवा. मग फोन करू नये.

सीमा ए-४०२: म्हणजे कागदावर आम्ही करोडपती आणि किचनच्या छताचं प्लॅस्टर भाताच्या कुकरवर पडतंय.

पाटील सेक्रेटरी: प्लॅस्टर अंतर्गत दुरुस्तीत येतं. तसं पत्र दिलेलं आहे.

सीमा ए-४०२: वरून गळतंय म्हणून पडतंय. ५०२ गप्प का?

रोहित ए-१०१: ताई, आकडा कमी करून लिहू नका, आयटीआर, फॉर्म १६ मागवतात. ‘विशेष परिस्थिती’ची जागा असते, तिथे आजींच्या डायलिसिसचा खर्च लिहा. रक्कम रुपयांतच भरायची. फॉर्मचे पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६, तेव्हा यादी आवरा. आणि परदेशी मुलाने मदत मागितली तरी निवडीत ते न बघणारी कॉलेजं मोजकीच. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट ही त्यातली. इतर बहुतेक ठिकाणी बघतात.

वाघ बी-१०३: विशेष परिस्थितीत आपला मेंटेनन्स पण टाका 😂

पाटील सेक्रेटरी: वाघ, तुमची दोन क्वार्टरची बाकी आहे. ताई, तो फ्लॅट १ कोटी २८ ला गेला. इंडेक्स २ (विक्रीच्या नोंदणीचा उतारा) ऑनलाइन निघते, ग्रुपवर विचारायची गरज नव्हती.

सीमा ए-४०२: सकाळीच सांगितलं असतंत तर. असो, आभारी आहे.

जोशी काका: पाटील, मग पहिल्या मजल्याला किती धरायचं? सहज विचारतोय.