कपाट कमी करायचं, तर कशाच्या आधारावर?

मूळ मुद्दा

गेल्या वर्षी मी माझं कपाट अर्ध्यावर आणलं. त्याआधी दोन महिने रोज रात्री, दिवसभर काय घातलं ते वहीत लिहीत होते. कपाटात साठेक कपडे, आणि वहीत फिरून फिरून तेच चौदा! त्यांच्यात साम्यही दिसलं. गडद निळा किंवा मातकट रंग, दुमडता येतील अशा बाह्या, खिसे, गळ्याशी न आवळणारं काहीतरी. माझी स्टाइल मला अशी वहीत सापडली.

‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हणजे एकमेकांशी जुळतील अशा मोजक्याच कपड्यांचं कपाट. ही कल्पना १९७० च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सुझी फो यांनी मांडली. १९८५ मध्ये अमेरिकी फॅशन डिझायनर डोना कॅरन यांनी सात नगांचा संच आणला. तेव्हापासून तयार याद्या फिरताहेत. दुसऱ्याच्या यादीवरून कपाट कमी करू नये, आधी स्वतःची वही पाहावी, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद १

अजिबात पटलं नाही. वहीत सवय दिसते, आवड नाही. मी कामावर राखाडी घालतो, कारण त्यात कुणाचं लक्ष जात नाही. माझं लाल जॅकेट वर्षातून दोनदा बाहेर निघतं, पण त्या दोन दिवशी मी खरा मी असतो. तुमच्या हिशोबाने पहिलं तेच जाणार.

शिवाय साधं गणित बघा. तीस शर्ट असतील तर एकाची पाळी महिन्यातून एकदा येते, दहा असतील तर तीनदा. तितकं जास्त धुणं, तितकं लवकर विरणं. मग वाचलं काय?

मूळ लेखिका

जॅकेटचं मान्य. ते ठेवाच.

विरण्याचं मात्र मान्य नाही. एकदा घातलं की मशीनमध्ये, या सवयीने कपडे जातात. लोकर सहसा वास धरत नाही, रात्रभर वाऱ्यावर टांगली तरी ताजी होते. शर्टाची नुसती कॉलर आणि काख हाताने धुतली तरी बरेचदा भागतं. जीन्सचा निळा रंग धाग्याच्या बाहेरच्या थरात असतो, म्हणून ती उलटी करून गार पाण्यात धुवावी. असं केल्यावर पाळी तीनदा येऊनही धुणं तिप्पट होत नाही.

प्रतिसाद २

मी कपडे दुरुस्तीचं काम करते. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हे मला रोज दिसतं, म्हणून कमी कपड्यांच्या बाजूने आहे. पण तुम्ही दोघं आकड्यावर भांडताय आणि कापडाकडे बघतच नाही.

सुती कापड ओलं झालं की उलट मजबूत होतं. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनचं कापड, ओलं असताना कमजोर पडतं, ते पिळलं की गेलंच. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं आहेत, त्यामुळे डागांतली प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमच्या पावडरी त्यांनाही खातात. विणलेला स्वेटर हँगरवर टांगला की खांद्यांना कोंब येतात, त्याची घडीच हवी. आणि कसर घामाच्या, डागांच्या लोकरीला आधी लागते, म्हणून बरेच महिने ठेवून देताना तरी लोकर धुऊनच ठेवा.

नवीन कपडा घेताना आधी उलटा करून शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडलीय ते पाहा. बोटभर माया असेल तर तो सैल करता येतो. नसेल, तर तुमच्या चौदांपैकी कितीही लाडका असो, मी काही करू शकत नाही.

प्रतिसाद ३

माया नसण्याचा फटका मला बसलाय. आजारपणानंतर वजन वाढलं, तोवर सैल कपडे सगळे देऊन टाकले होते आणि उरलेल्यांत माया नव्हती. तसेच पुन्हा विकत घ्यावे लागले, फार जिवावर आलं. शरीर बदलतं, हे या कपाट-आवरण्यात कुणी धरतच नाही.

मूळ लेखिका

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. यापुढे काढलेले कपडे लगेच देणार नाही. धुऊन, कोरडे करून वर्षभर खोक्यात ठेवीन.

प्रतिसाद १

वहीबद्दलचं मत कायम आहे. फार तर मीही लिहीन, पण ‘घालून कसं वाटलं’ हा रकाना वाढवून. प्रतिसाद २, त्या लाल जॅकेटचं अस्तर काखेत फाटलंय. पूर्ण बदलावं लागेल का?

प्रतिसाद २

नाही. काखेखालची शिवण उसवून अस्तराचा चौकोनी तुकडा जोडून घ्या. हात वर केला की ताण त्या तुकड्यावर जाईल, पुन्हा तिथे फाटायचं नाही.