गल्लीतला कॅमेरा आमच्या ओट्याकडे आणि नकाशात आईचं घर, काय करता येईल?

अमळनेरकरीण:
नमस्कार मंडळी. गल्लीतून मोटारसायकली चोरीला जायला लागल्या म्हणून वर्गणी काढून कॅमेरे बसवले, आम्ही पण पैसे दिले, त्याबद्दल तक्रार नाही. पण खांबावरचा एक कॅमेरा असा लावलाय की त्यात आमचा ओटा, नळ आणि अर्धं दार येतं. सकाळी पाणी भरायला, भांडी घासायला आम्ही बायका तिथंच असतो, संध्याकाळी सासूबाई आणि शेजारच्या काकू बसतात. आणि हे सगळं लाईव्ह पाच-सहा जणांच्या मोबाईलवर दिसतं. परवा त्यातल्या एकानं विचारलं, "वहिनी, काल लई उशिरा आलात?" त्याच्या मनात काही नसेलही, पण मला ते फार लागलं.

दुसरं म्हणजे माझं माहेर नाशिकचं. तिथलं घर गूगल नकाशाच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्यावरून काढलेल्या चित्रांत दिसतं, फाटक उघडं, दोरीवर कपडे, आई पायरीवर शेंगा सोलतेय. तोंड पुसट केलंय, पण साडी आणि बसायची ढब बघून ओळखीचा माणूस लगेच सांगेल कोण आहे ते. आई एकटीच राहते तिथं. हे काढता येतं का?

रावेर_ते_पुणे:
ताई, नकाशाचं सोपं आहे. ते चित्र उघडून 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' दाबा, लाल चौकोन घरावर आणा, चेहरा की घर ते निवडा, ईमेल टाकून पाठवा. पूर्ण घर पुसट करून मिळतं, फक्त एकदा पुसलं की गूगल ते परत आणत नाही, म्हणून आईंना विचारूनच करा. आणि चेहरा पुसट केला म्हणजे झालं असं मलाही वाटत नाही, तो अनोळखी माणसासाठी आहे, भाऊबंदांसाठी नाही.

हे आपल्याकडे उशिरा आलं. २०११ मध्ये बंगळुरूत गूगलच्या कॅमेरे लावलेल्या गाड्या फिरायला लागल्या तर पोलिसांनी थांबवलं, पुढे २०२१ मध्ये नियम बदलले, रस्त्यावरचं चित्रण भारतीय कंपन्यांनीच करायचं अशी अट आली, मग २०२२ ला जेनेसिस आणि टेक महिंद्रा या कंपन्यांना सोबत घेऊन दहा शहरांत सुरू झालं, त्यात नाशिक होतंच. लोक बोलले की फरक पडतो बरं का. जपानमध्ये कॅमेरा कुंपणावरून अंगणात डोकावतो म्हणून ओरड झाली, तर २००९ मध्ये गूगलनं तो ४० सेंटिमीटर खाली घेऊन पुन्हा चित्रण करायचं ठरवलं. जर्मनीत २०१० मध्ये जवळपास २ लाख ४४ हजार घरांनी आमचं घर पुसा म्हणून अर्ज केले.

यावलचे_आप्पा:
बेटा, तुझं म्हणणं पटतं, पण कॅमेरे काढा असं कुणी म्हणू नका. आमच्याकडे रात्रीतून केळीची उभी खोडं कापून टाकतात, मोटारीची केबल चोरतात, वर्षाची मेहनत जाते. कॅमेरा लावल्यापासून आमच्या शिवारात तरी जरा धाक आहे. पण शेतावर लावणं वेगळं आणि लेकीसुनांच्या ओट्यावर लावणं वेगळं, ते चुकीचंच.

डीव्हीआरवाला_भुसावळ:
मी हेच काम करतो ताई. काढायची गरज नाही. डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या मेनूत 'प्रायव्हसी मास्क' असतो, त्यात ओटा आणि दार येतं तेवढ्या भागावर काळा चौकोन ओढायचा, मग तो भाग लाईव्हमध्येही दिसत नाही आणि रेकॉर्डही होत नाही, रस्ता मात्र पूर्ण येतो. खरा घोळ मोबाईलचा आहे भो. लावणारा पोरगा क्यूआर दाखवतो, जो तो स्कॅन करून घेतो, पासवर्ड कंपनीचाच राहतो, मग कोण बघतंय याचा कुणालाच पत्ता नाही. पासवर्ड बदलायला लावा, ॲप दोघांकडेच ठेवा, माईक असेल तर बंद करा. राजकोटच्या एका प्रसूती हॉस्पिटलमधलं बायकांच्या तपासणीचं फुटेज २०२५ मध्ये बाहेर विकलं गेलं, तेव्हापासून मी पासवर्ड बदलल्याशिवाय काम सोडत नाही.

धुळे_वकील:
कायद्याचं थोडक्यात. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. कलकत्ता हायकोर्टानं २०२५ मध्ये सांगितलं की एकत्र राहणाऱ्याच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घातला नाही. तुमचा प्रश्न घराबाहेरचा आहे, तो निकाल जसाच्या तसा लागणार नाही, पण बोलायला आधार होतो. आयटी कायद्याचं कलम ६६ई लावा असं कुणी सांगेल, ते शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रणासाठी आहे, ओट्याला लागत नाही. आधी गल्लीतल्या मंडळींना लेखी द्या, त्यावर चार-पाच घरच्या बायकांच्या सह्या घ्या, एकटीच्या नावानं नको.

अहिराणी_भाऊ:
ताई, तुन्हं म्हननं बराबर शे. आमना गावमा बी हाऊच प्रश्न शे, पन बाया बोलतीस नही.

अमळनेरकरीण:
सगळ्यांचे आभार. काल सात जणींनी सह्या करून अर्ज दिला, सासूबाईंनी सगळ्यात आधी केली. एक-दोघं कुरकुरले, "आम्ही काय तुमच्याकडे बघत बसतो का" म्हणाले, पण आप्पांसारखेच एक आजोबा उभे राहिले आणि मग मास्क मारायचं ठरलं. ॲप दोघांकडेच राहणार, त्यातली एक बाई असावी हा माझा हट्ट होता, तो मान्य झाला. आई म्हणते घर पूर्ण पुसू नको, गावाकडचे लोक नकाशा बघून येतात, फक्त मला पूस. तेवढंच पाठवलंय.

डीव्हीआरवाला भाऊ, मास्क मारल्यावर कुणी परत काढला तर कळतं का?

डीव्हीआरवाला_भुसावळ:
बऱ्याच डीव्हीआरमध्ये लॉग असतो, सेटिंग कधी बदललं ते त्यात दिसतं. ॲडमिनचा पासवर्ड त्या बाईंकडेच ठेवा, बाकीच्यांना फक्त बघायचा युजर बनवून द्या, म्हणजे मास्कला हातच लावता येणार नाही.