पीएचडी: सोयाबीन तारण योजनेवर ४०० प्रश्नावल्या भरून काय हाती लागणार?

उदगीरची_संशोधक:
नमस्कार मंडळी, कॉमर्समधून पीएचडी चालूये, विषय लातूर जिल्ह्यातले सोयाबीन शेतकरी आणि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना. योजना बघा, माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, मुदत ६ महिने, व्याज ६ टक्के, आणि तरी दिवाळीच्या आत बहुतेकांचा माल आडतीवर, म्हणजे बाजारातल्या दलालाच्या दुकानावर येऊन पडतो, कामून? मला हेच शोधायचंय. पण गाईड म्हणतात किती लोकांना विचारायचं ते ठरवायला यामानेचं सूत्र लाव, ४०० सॅम्पल घे, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी प्रश्नावली कर, एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून काय-स्क्वेअर, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध आहे का ते तपासणारी चाचणी काढ. पायलटला, म्हणजे प्रश्नावलीच्या चाचणीला औशाकडच्या एका गावात गेले तर एक मामा सगळ्यालाच सहमत म्हणले आणि वरून म्हणतात, लिही बाई तुला काय पाहिजे ते, आमाला फवारणीला जायचंय. असल्या डेटावर निष्कर्ष काढायला मन धजत नाही. कुणी मार्ग सांगा.

नांदेड_इकॉनॉमिक्स:
मॅडम, आधी त्या ४०० चं बोलू. ५ टक्के चूक धरली की लोकसंख्या दहा हजारांची असो की दहा लाखांची, यामानेचं उत्तर ४०० च्या आसपासच थांबतं, म्हणून आपल्याकडं निम्म्या थिसिसमध्ये तोच आकडा दिसतो. पण ते सूत्र यादीतून रँडम निवड केली तरच चालतं, पारावर जे भेटले त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतले तर ४०० काय अन् ४००० काय. तुमचा प्रश्न समाधानाचा नाहीच, निर्णयाचा आहे, मग ज्यांनी तारण घेतलं ते आणि त्याच गावातले तेवढ्याच जमिनीचे ज्यांनी नाही घेतलं ते, असे दोन गट करा आणि लॉजिट लावा, म्हणजे घ्यायचं की नाही हे कशामुळं ठरतं ते काढायची पद्धत.

आणि अजून एक, थांबल्याने फायदा होतो हे गृहीत धरू नका. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला १० हजारांवर गेला आणि ऑक्टोबरपर्यंत निम्म्यावर आला, पुढं २०२२-२३ ला ज्यांनी माल धरून ठेवला त्यांना मार बसला. सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, तेही सेबी या बाजार नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले, म्हणजे पुढच्या भावाचा अंदाज घ्यायचं ते साधनही गेलं. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी वेबसाइटवर लातूरची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव फुकट मिळतो. ऑक्टोबर ते एप्रिलमधला फरक वर्षावार काढा, त्यातून व्याज आणि मालाच्या वजनातली घट वजा करा. कदाचित शेतकऱ्याचाच हिशोब बरोबर निघेल, आणि तसं निघालं तर तो खरा शोध आहे.

आडतीवरचा_दादा:
ताई मी आडतीवर हिशोब लिहितो, शिक्षण बारावी, पण सांगू का, जूनमध्ये बी-खताला पैसे कोण देतं हे तुमच्या प्रश्नावलीत आहे का? आडत्याकडून उचल घेतली की माल त्याच्याकडंच घालावा लागतो, कुठं लिहिलेलं नसतं पण सगळ्यांला माहीत असतं, मग गोदामाचं व्याज ६ असो की ४, त्याचा काय उपयोग? दुसरं म्हणजे ओलावा. दिवाळीआधीचा माल मूठभर मशीनमध्ये टाकला की १६-१८ टक्के दाखवतो, अन् हमीभावाला १२ च्या आत लागतो, २०२४ ला सरकारनं १५ पर्यंत सूट दिली होती तेव्हासुद्धा लई जण वाळवत बसले नाहीत कारण घरी दोन पोती पसरायला जागा नाही. तुम्ही लोकांना मत विचारू नका, हिशोबपट्टी मागा, म्हणजे माल विकल्यावर आडत्या देतो ती पावती. तारीख, वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं असतंय त्यात, अन् उचल कापली असली तर तेबी दिसतं. शेतकरी पट्ट्या जपून ठेवतात, पासबुकात नाहीतर देवघराच्या फळीवर.

उदगीरची_संशोधक:
दादा, हे कुठल्याच पेपरमध्ये वाचलं नव्हतं, मनापासून आभार. सर, पण पट्ट्यांवर पेपर कुठं छापणार? गाईडला केअर लिस्टमधला, म्हणजे यूजीसीच्या मान्य यादीतला जर्नल पाहिजे.

नांदेड_इकॉनॉमिक्स:
यूजीसीने ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आणि २०२२ च्या नियमांत थिसिस द्यायच्या आधी पेपर सक्तीचाही राहिला नाही, आता विद्यापीठाचा नियम तेवढा बघून घ्या. पैसे भरा अन् आठ दिवसांत छापा म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका, पोरांची फेलोशिप त्यात जाते हे बघून जीव तुटतो. गाईडशी वाद नको, प्रश्नावली ठेवा पण शेवटच्या पानावर, पहिल्या पानांवर पट्टीतले आकडे उतरवायचा तक्ता जोडा, नाव न घेता फक्त नंबर द्या.

आडतीवरचा_दादा:
अन् पट्टीचा फोटो काढायचा तर आधी विचारा ताई, त्याच्यावर उधारी असती माणसाची. अन् आवकीच्या दिवसांत येऊ नका, गुढीपाडव्यानंतर या, तवा लोक बसून बोलतात.