मानधनाचा आकडा आधी विचारावा

दिवाळी अंकाला दिलेल्या लेखाचे मानधन मार्च उलटला तरी आले नाही, अशी एका लेखकाची तक्रार वाचली आणि त्यावर कोणीतरी दिलेला ‘लिहिण्याचा आनंद हेच मानधन’ हा सल्लाही वाचला. वीजबिल भरताना या सल्ल्याचा उपयोग होत नाही, एवढेच त्याबद्दल म्हणतो.

मलाही एका संपादकांनी फोनवर ‘बघू, देऊ काहीतरी’ असे सांगितले होते आणि संकोचापोटी मी आकडा विचारला नव्हता. शेवटी हाती पडली ती अंकाची एक प्रत. तेव्हापासून बोलणे झाले की त्याच दिवशी मी ईमेल पाठवतो आणि त्यात शब्दसंख्या, मुदत, रक्कम, ती किती दिवसांत मिळणार, तसेच परवानगी एकदाच छापण्याची असून पुस्तकाचे व अनुवादाचे हक्क माझ्याकडेच राहतील, हे सारे नोंदवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवायचे तर सहीनिशी लेखी करार लागतो, आणि त्यात हक्कांची मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते, हे अनेक लिहित्या माणसांना ठाऊकच नसते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची केंद्र सरकारकडची नोंद, हीही करून ठेवावी. तिला शुल्क पडत नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे बिल ४५ दिवसांपलीकडे थकवल्यास २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने व्याज मागता येते. मी अजून ते मागितलेले नाही, मात्र बिलावर नोंदणी क्रमांक ठळक छापतो.